आकाशगंगेत बिऱ्हाडं किती?

एमबीएच्या इंटरव्ह्यूला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. सगळं सुरळीत चाललेलं असताना टेबलापलीकडचा माणूस हळूच गुगली टाकतो, ‘मुंबईत रोज किती वडापाव खपत असतील?’ आता हा आकडा कुणालाच पाठ नसतो. तो पाठ असावा अशी अपेक्षाही नसते. तुम्ही फक्त कागद पुढे ओढायचा आणि सुरू व्हायचं. शहराची लोकसंख्या इतकी. त्यातले रोज बाहेर खाणारे इतके टक्के. त्यातले वडापाव खाणारे इतके. माणशी सरासरी दीड वडापाव. करा गुणाकार! उत्तर दुप्पट आलं किंवा निम्मं आलं तरी कुणी रागवत नाही, पुढची शून्यं चुकली नाहीत म्हणजे झालं. याला म्हणतात गेसटिमेट. धड गेस नाही, धड एस्टिमेट नाही, पण नोकरी मिळवून देतो.

या खेळाचा उस्ताद म्हणजे एन्रिको फर्मी. इटलीतून अमेरिकेत गेलेला नोबेल विजेता भौतिकशास्त्रज्ञ. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा या पठ्ठ्याने काय करावं? स्फोटाचा हवेचा झोत येताना हातातले कागदाचे कपटे सोडले. ते अडीचेक मीटर लांब उडाले. तेवढ्यावरून त्याने सांगितलं, दहा हजार टन टीएनटीची ताकद! नीट मोजमाप झालं तेव्हा खरा आकडा त्याच्या दुपटीच्या जरासा वर निघाला. कागदाच्या कपट्यांवरून, बॉस!

त्याच फर्मीने पाच वर्षांनी, १९५० च्या उन्हाळ्यात, एक प्रश्न विचारला आणि तो अजून कुणाला सुटलेला नाही. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत चौघं मित्र जेवायला निघाले होते. त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून कचऱ्याचे डबे गायब होत होते आणि ते परग्रहावरचे लोकच उडत्या तबकड्यांतून पळवतात, असं एक व्यंगचित्र छापून आलं होतं. त्यावर हसणं झालं, गप्पा दुसरीकडे वळल्या. आणि जेवता जेवता फर्मी मध्येच म्हणाला, पण मग हे सगळे आहेत तरी कुठे?

प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. आपल्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत. तिचं वय हजार कोटी वर्षांहून जास्त. या टोकापासून त्या टोकापर्यंत अंतर एक लाख प्रकाशवर्षं. म्हणजे कुणी प्रकाशाच्या एक टक्का वेगाने रमतगमत निघालं, तरी कोटीभर वर्षांत सगळी आकाशगंगा पालथी घालता येईल. हजार कोटीपुढे एक कोटी म्हणजे किस झाड की पत्ती! मग अजून कुणीच कसं आलं नाही? निदान एखादा फोन?

सात रकान्यांचं एक्सेल शीट

फोनची वाट बघत बसणारा पहिला माणूस म्हणजे फ्रँक ड्रेक. एप्रिल १९६० मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ग्रीन बँक इथल्या २६ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीचं तोंड त्याने दोन ताऱ्यांकडे वळवलं. टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी. दोघंही दहा-बारा प्रकाशवर्षांवरचे, म्हणजे अगदी शेजारच्या विंगमधले. वय तिशीच्या आत, बजेट यथातथाच आणि विषय असा की सीनियर मंडळींनी हसावं. बरेच आठवडे कान लावून बसला. हाती काही लागलं नाही.

पण त्यातून चर्चा सुरू झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ग्रीन बँकलाच एक छोटी मीटिंग ठरली. जेमतेम डझनभर माणसं. त्यात तरुण कार्ल सेगन होता. डॉल्फिनशी बोलू पाहणारा जॉन लिली होता. रसायनशास्त्रज्ञ मेल्विन कॅल्विन होता आणि त्याला नोबेल मिळाल्याची बातमी मीटिंग चालू असतानाच आली. मग काय, शॅम्पेन! या कंपूने स्वतःचं नावही ठेवलं, ऑर्डर ऑफ द डॉल्फिन.

या मीटिंगचा अजेंडा काय ठेवायचा, असा प्रश्न ड्रेकला पडला होता. तुम्ही-आम्ही ज्याला डिस्कशन पॉइंट्स म्हणतो, तसे सात मुद्दे त्याने लिहून काढले. आणि त्याच्या लक्षात आलं, की या सातांचा गुणाकार केला तर उत्तरच मिळतं! तेच ते जगप्रसिद्ध ड्रेक समीकरण. शाळेतल्या गणिताची भीती अजून मनात असेल तर घाबरू नका. वडापावचंच गणित आहे, फक्त गाडी जरा लांब लागलीये.

एक, आकाशगंगेत दर वर्षी नवे तारे किती जन्मतात. दोन, त्यातल्या कितींना ग्रह असतात. तीन, अशा प्रत्येक ताऱ्याभोवती राहण्याजोगे ग्रह सरासरी किती. चार, त्यातल्या किती ग्रहांवर खरोखर जीव निर्माण होतो. पाच, त्यातल्या कितींवर बुद्धी येते. सहा, त्यातले किती जण रेडिओसारखं तंत्रज्ञान कमावतात, म्हणजे ज्यांचा आवाज आपल्याला ऐकू येऊ शकेल. आणि सात, असे लोक किती वर्षं टिकतात.

हा सातवा मुद्दा मध्येच कुठून आला, असं वाटेल. पीजीचं उदाहरण घ्या. एखाद्या इमारतीत दर वर्षी दहा नवी मुलं पेइंग गेस्ट म्हणून येतात आणि प्रत्येक जण तीन वर्षं राहतो. तर कुठल्याही दिवशी तुम्ही गेलात तर तीस मुलं भेटतील. सगळी तीन महिन्यांत पळून जात असतील, तर जेमतेम दोन-तीन. येणाऱ्यांचा वेग गुणिले मुक्काम, बरोबर आत्ताची हजेरी. आकाशगंगेचंही तसंच. पहिले सहा मुद्दे येणाऱ्यांचा वेग सांगतात, सातवा मुक्काम.

त्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी आपापले अंदाज टाकले आणि गंमत झाली. काही आकडे एकापेक्षा मोठे, काही लहान, पहिल्या सहांचा गुणाकार साधारण एकच्या आसपास आला. म्हणजे वर्षाला एक नवी बोलकी संस्कृती! मग उरतो फक्त मुक्काम. संस्कृती जितकी वर्षं टिकतात, तितक्याच आत्ता हजर. हा मुक्काम त्यांनी हजार वर्षांपासून दहा कोटी वर्षांपर्यंत कितीही असू शकेल असा धरला. म्हणजे उत्तरही, एक हजार ते दहा कोटी बिऱ्हाडं! पुढे ड्रेक स्वतः दहा हजार हा आकडा सांगत असे. ‘एन बरोबर एल’ हे त्याला इतकं आवडलं की त्याने ते गाडीच्या नंबर प्लेटवर घेतलं. २०२२ मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी तो गेला. पहिला फोन शेवटपर्यंत आला नाही.

तीन रकाने भरले, पुढे?

आता चांगली बातमी. १९६१ मध्ये यातला फक्त पहिला आकडा बऱ्यापैकी माहीत होता. सूर्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही ताऱ्याला ग्रह असल्याचा पुरावाच नव्हता. १९९२ मध्ये एका मृत ताऱ्याभोवती ग्रह सापडले. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलॉझ यांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला आणि त्याबद्दल २०१९ मध्ये नोबेल मिळालं. मग २००९ मध्ये केप्लर दुर्बीण वर गेली. दीड लाख ताऱ्यांकडे एकटक बघत बसली. एखादा ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो, तेवढं टिपायचं. बस. २०१८ मध्ये इंधन संपून ती निवृत्त झाली, पण हिशेब बदलून गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये पक्क्या ग्रहांची यादी सहा हजारांवर पोचली.

केप्लरच्या आकड्यांवरून २०२० मध्ये एक अंदाज मांडला गेला. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी साधारण निम्म्यांभोवती असा खडकाळ ग्रह असावा, ज्यावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. हात आखडता घेऊन मोजलं तरी आकाशगंगेत असे ३० कोटी ग्रह! म्हणजे पहिले तीन रकाने आता पेनाने भरले गेलेत. फ्लॅट भरपूर रिकामे आहेत, लोकेशन चांगलं आहे, पाण्याचीही सोय असावी. इथवर सगळे खूश.

आणि इथेच गाडी अडते. चौथा रकाना. योग्य ग्रह मिळाला तर त्यावर जीव निर्माण होण्याची शक्यता किती? ड्रेकच्या टेबलावर सगळे म्हणाले, शंभर टक्के. का? तर पृथ्वीवर जीव फार लवकर आला म्हणून. हे खरंच आहे. समजा पृथ्वीचं वय म्हणजे एक ४५ मजली टॉवर. एक मजला म्हणजे दहा कोटी वर्षं. तर दहाव्या मजल्यावर जीव आहेत, त्यांचे अवशेष पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खडकांत मिळालेत. दहावा मजला म्हणजे लवकरच म्हणायचा.

पण तोच टॉवर पुढे चढा. दहाव्या मजल्यापासून वर बघाल तर सूक्ष्मजीव, सूक्ष्मजीव आणि सूक्ष्मजीव. प्राणी म्हणावेत असे जीव दिसायला एकोणचाळिसावा मजला उजाडतो. आपण माणसं? गच्चीच्या शेवटच्या एका सेंटिमीटरमध्ये. आणि रेडिओ? मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पाठवला १९०१ मध्ये. तेव्हापासूनचा काळ म्हणजे गच्चीवर मारलेल्या रंगाच्या थराहून पातळ. मग बुद्धी येणं सोपं की कठीण? एकाच टॉवरवरून काय सांगणार?

त्यात एक मोठी गोम आहे. आपण हा प्रश्न विचारतोय याचाच अर्थ आपल्याकडे सगळं जमून आलंय. यूपीएससीत पहिल्या आलेल्या मुलाला विचारा, परीक्षा कशी असते? तो म्हणेल, नीट अभ्यास केला की निघते. त्याचं खोटं नाही. पण त्याच्या बोलण्यावरून एकूण किती जणांची निघते ते तुम्हाला कळणार नाही. परीक्षा दहापैकी नऊ जण पास होणारी असो की दहा लाखांत एक, टॉपर तेच सांगणार. पृथ्वी ही आपली एकुलती एक टॉपर. नापास झालेल्या ग्रहांवर प्रश्न विचारायला कुणी नाही.

मग दुसरा नमुना मिळवायचा. तेच तर सगळे करतायत. आपले डॉ. जयंत नारळीकर यांनीही केलं. आपल्यातल्या अनेकांना विज्ञानकथेची गोडी लावणारे, पुण्यात आयुका उभी करणारे नारळीकर सर, २०२५ च्या मे महिन्यात गेले. जीवाची बीजं अंतराळातून येत असतील का, या प्रश्नावर त्यांनी नुसत्या चर्चा झोडल्या नाहीत. हैदराबादहून बलून सोडून, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांमध्ये भरून आणवली. २००५ च्या उड्डाणातले नमुने हैदराबादच्या सीसीएमबीने आणि पुण्याच्या एनसीसीएसने तपासले. २००९ मध्ये निकाल जाहीर झाला. जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती! एकीला फ्रेड हॉईलचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. पण ते बाहेरून आलेत असं यावरून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगितलं गेलं. इथलेच जिवाणू वर गेलेले असू शकतात. बातमी मोठी करायचा मोह असतानाही हिशेब कसा मांडावा, त्याचं हे उदाहरण.

सरासरी दहा लाख, पण कुणाची?

आता वडापावकडे परत. तिथे गेसटिमेट का जमतो? कारण प्रत्येक आकडा आपल्याला थोडाफार माहीत असतो. बाहेर खाणारे वीस टक्के की चाळीस, एवढाच घोळ. एक जास्त धरला, एक कमी धरला, चुका एकमेकींना कापतात. ड्रेकच्या चौथ्या रकान्यात घोळ वीस की चाळीसचा नाही. तो आकडा जवळजवळ शंभर टक्के असू शकतो किंवा एकावर तीस शून्यांत एक असू शकतो. दोन्ही बाजूंना शहाणी माणसं बसलीत. अशा ठिकाणी ‘चला, मधला काहीतरी धरू’ म्हणणं म्हणजे गेसटिमेट नाही, गंमत आहे.

२०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या अँडर्स सँडबर्ग, एरिक ड्रेक्सलर आणि टोबी ऑर्ड या तिघांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. लॉटरीचं उदाहरण घ्या. एक लाख तिकिटं, बक्षीस एकच, एक कोटीचं. सरासरी काढली तर प्रत्येक तिकिटामागे शंभर रुपये येतात. छान! पण संध्याकाळी घरी जाताना ९९,९९९ जणांच्या खिशात शून्य असतं. शंभर रुपये कुणाच्याच खिशात नसतात.

किंवा असं बघा. समजा जीव निर्माण होणं सोपं असेल तर आकाशगंगेत वीस लाख संस्कृती, अवघड असेल तर आपल्याशिवाय कुणी नाही. दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी सांगते, दहा लाख शेजारी! आणि मजा म्हणजे दहा लाख हे उत्तर दोन्हीकडे चूक. खरी माहिती एवढीच, की टॉस उडवलाय आणि नाणं अजून हवेत आहे.

त्या तिघांनी प्रत्येक रकान्यात एक आकडा भरण्याऐवजी आपल्या अज्ञानाची पूर्ण रुंदी भरली आणि मग गुणाकार केला. निष्कर्ष? आकाशगंगेत आपण एकटेच असण्याची शक्यता ५३ ते ९९.६ टक्के. ड्रेकवाल्यांच्या ‘हजारो बिऱ्हाडं’शी याचं भांडण नाही बरं का. आकडे साधारण तेच, फक्त अज्ञान लपवलेलं नाही. आणि फर्मीच्या प्रश्नातली हवाही यात निघून जाते. कुणी का आलं नाही, याचं कोडं कधी पडतं? तर सगळीकडे गर्दी आहे असं आधीच ठरवून टाकलं तर. घर रिकामं असण्याची शक्यता पहिल्यापासून भरपूर होती.

म्हणून मला वाटतं, कुणी या प्रश्नाचं एका आकड्यात उत्तर देत असेल, मग तो शून्य असो की दहा हजार, तर त्याला चहा पाजावा पण त्यावर पैज लावू नये.

हॉट टबभर समुद्र

‘एकटे असण्याची शक्यता मोठी’ म्हणजे दुकान बंद करा, असं नाही. उलट. साठ वर्षांहून जास्त काळ कान लावून बसलो, काही मिळालं नाही, हे खरं. पण शोधलंय किती? दिशा, फ्रिक्वेन्सी, वेळ, सिग्नलची ताकद, सगळं धरून २०१८ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब केला. शोधायची जागा म्हणजे पृथ्वीवरचे सगळे समुद्र मानले, तर आपण तपासलंय एक हॉट टबभर पाणी. बादलीत देवमासा मिळाला नाही म्हणून समुद्रात देवमासे नाहीत असं कुणी म्हणतं का?

अधूनमधून छातीत धडधड होते. १५ ऑगस्ट १९७७ ला अमेरिकेतल्या ओहायोच्या दुर्बिणीवर ७२ सेकंद एक दणदणीत सिग्नल आला. जेरी एहमन याने छापील कागदावर लाल पेनाने ‘वॉव’ लिहिलं. तो पुन्हा कधी आला नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला सव्वाचार प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्सिमा ताऱ्याच्या दिशेने काहीतरी ऐकू आलं. २०२१ मध्ये कळलं, आपल्याच कुठल्यातरी यंत्राची खरखर. एप्रिल २०२५ मध्ये १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत जीवाची खूण असल्याचा दावा झाला. केंब्रिजच्या त्या टीमचे प्रमुख निक्कू मधुसूदन आपल्याकडचेच, बनारसला शिकलेले. पण दुसऱ्यांनी तीच आकडेवारी तपासली तेव्हा ती खूण काही त्यांना पटली नाही. चालायचंच. विज्ञानात एकाच बघण्यात लग्न जमत नाही.

आपल्या अंगणातही एक तगडा कान आहे. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगावजवळ खोडदला जा. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल या खोडदच्या अँटेनांनी थेट टिपला. जमिनीला टेकण्याच्या जरा आधी तो तुटला, यान आपटलं. पण दुसऱ्या ग्रहाच्या आकाशातून पडणाऱ्या एका यंत्राचा आवाज जुन्नर तालुक्यात ऐकू आला होता.

मिस्ड कॉल

आता सातवा रकाना. मुक्काम. समजा ड्रेकचे दहा हजार खरे मानले. आकाशगंगेच्या थाळीवर ते सारखे पसरले तर सगळ्यात जवळचा शेजारी साधारण हजार प्रकाशवर्षांवर येतो. आपण ‘हॅलो’ म्हणायचं, त्यांनी ‘कोण बोलतंय?’ विचारायचं, की झाली दोन हजार वर्षं. खोडदच्याच जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी, सगळं आकड्यांत कोरून ठेवलंय. वय साधारण दोन हजार वर्षं. म्हणजे तेव्हा कुणी हॅलो म्हटलं असतं, तर उत्तर आत्ता कुठे येत असतं. आणि मधल्या काळात ती लिपी वाचणारंच कुणी उरलं नव्हतं. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची उकल केली म्हणून बरं!

आणि मुक्काम दहा हजारांऐवजी दोनशे वर्षांचाच असेल तर? तर हजर बिऱ्हाडं दोनशे आणि शेजारी सहा हजार प्रकाशवर्षांवर. तुमचा फोन वाजेपर्यंत लावणारा संपलेला, तुम्ही उचलेपर्यंत तुम्ही संपलेले. आकाशगंगाभर नुसते मिस्ड कॉल. याचाच उलटा अर्थ असा, की कधीकाळी खरंच कुणाचा आवाज आला, तर तो बहुधा फार जुन्या, फार टिकलेल्या मंडळींचा असेल. नव्या भाडेकरूंशी गाठ पडणं अवघड.

इथे एक उलटी गोष्टही ध्यानात घ्या. अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅन्सन याने नव्वदच्या दशकात मांडलं, की निर्जीव ग्रहापासून ताऱ्यांपर्यंत पोचणाऱ्या संस्कृतीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी एक मोठी गाळणी असली पाहिजे. सगळे तिथेच अडकतात. प्रश्न एवढाच, ती गाळणी आपल्या मागे आहे की पुढे? जीव निर्माण होणंच महाकठीण असेल तर गाळणी मागे, आपण सुटलो. पण जीव जागोजागी सहज होत असेल, आणि तरीही आकाश गप्प असेल, तर गाळणी पुढे असण्याची शक्यता वाढते. म्हणजे बुद्धी आली की ती स्वतःचाच गळा धरते, असं काहीतरी. त्यामुळे निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००८ मध्ये चक्क लिहिलं, की मंगळावर काही सापडू नये अशी आपली इच्छा आहे.

हे आता नुसतं पुस्तकी राहिलेलं नाही. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स रोव्हरला मंगळावर बिबट्याच्या ठिपक्यांसारखे डाग असलेला एक खडक मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. सूक्ष्मजीवांची संभाव्य खूण, पण पक्कं नाही. युरोपा क्लिपर हे यान गुरूच्या बर्फाळ चंद्राकडे निघालंय, २०३० मध्ये पोचणं अपेक्षित आहे. यातल्या कुठे पृथ्वीशी काडीचा संबंध नसलेला एखादा साधा जिवाणू जरी मिळाला, तरी चौथा रकाना एका रात्रीत भरेल. पेढे वाटावेत अशी बातमी. फक्त पेढा खाताना सातव्या रकान्याकडे एकदा बघायचं.

तो रकाना दुर्बिणीतून भरता येत नाही. त्यात आपल्याकडे एकच नोंद आहे, आपली स्वतःची. आत्तापर्यंत सव्वाशे वर्षं आणि चालू. १९६१ मध्ये ड्रेकच्या टेबलावर बसलेल्यांच्या डोक्यावर अणुयुद्धाची टांगती तलवार होती. पुढच्याच वर्षी क्युबाचा पेच आला आणि हा रकाना साठ-बासष्ट वर्षांवरच थांबतो की काय अशी वेळ आली होती. तो थांबला नाही. आकाशगंगेत दुसरं कुणी असेल-नसेल, या एका नोंदीपुढे दर वर्षी एक मिळवायचं की नाही, हे इथल्या लोकांच्या हातात आहे. आणि आपण खरोखर एकटेच असू, तर दहा हजार कोटी ताऱ्यांकडे बघून ‘कुणी आहे का?’ विचारणारं एवढं एकच घर आहे. मग त्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

जाता जाता वीकेंडची टिप. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला तुमच्या-आमच्यासाठी विज्ञान प्रदर्शन भरत आलंय. गाडी काढा, मिसळ खा आणि त्या अँटेनांखाली दहा मिनिटं उभे राहून या. मोबाइल मात्र बंद ठेवा. ताऱ्यांच्या आवाजापुढे आपल्या खिशातला आवाज फार मोठा पडतो.